माझ्यावर केलेलं गाणं

माझा भाऊ मला त्या संध्याकाळी वारंगा फाट्याजवळच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये घेऊन गेला, तेव्हा तिथं माझ्यावर केलेलं गाणं वाजणार आहे हे त्यानं मला सांगितलं नव्हतं. मला आनंद होईल असं त्याला वाटलं होतं. हे लिहितानाही माझे दात एकमेकांवर दाबले जातात.

मी पेट्रोल पंपावर गाड्यांत पेट्रोल भरते. हिंगोलीच्या बाहेर, हायवेला लागून आमचा पंप आहे. सात वर्षं झाली. सुरुवातीला लोक मुद्दाम माझ्याच मशीनसमोर गाडी लावायचे, बाई पेट्रोल कशी भरते ते बघायला. मग सवय झाली, त्यांना आणि मलाही. घरी आई, मी आणि माझ्याहून आठ वर्षांनी लहान भाऊ. तो नांदेडला पॉलिटेक्निक शिकला, दोन वर्षं पुण्यात एका कंपनीत होता. कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा एक गिटार घेऊन परत आला. आता मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. आल्यावर वर्षभर तो कोणाशी धड बोलत नव्हता. मग एक दिवस जेवताना म्हणाला, बँड काढलाय. आईला वाटलं, लग्नातला.

"लग्नातला न्हाई माय. पंक."

"म्हंजी काय?"

"तीन सूर, लई जोरात. अन् मनात जे हाय ते ओरडायचं."

"ते तर मी रोज करून राहिले," आई म्हणाली.

लग्नातल्या बँडबद्दल आई तशी अगदीच चुकली नव्हती. त्यांच्यात ड्रम वाजवणारे चाचा पन्नाशी ओलांडलेले. त्यांनी सगळी उमर लग्नाच्या बँडपार्टीत साइड ड्रम वाजवला होता. गावोगावी डीजे आला, बँडपार्टी बसली आणि चाचा रंगकामाला जायला लागले. भावानं त्यांना एका घराच्या भिंतीवर शिडी लावलेली असताना गाठलं आणि खालूनच विचारलं. चाचा ब्रश हातात घेऊनच खाली उतरले म्हणे. गाणारी एक पंचविशीतली मुलगी होती, झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करणारी. बस, तिघंच.

आता पंपावर काय झालं ते सांगते. सगळं सांगते, कारण अर्धं सांगणाऱ्यांचाच मला राग आहे.

त्या संध्याकाळच्या चार महिने आधीची गोष्ट. भर उन्हाळा, दुपार. मोटारसायकलींची रांग सोडून एक मोठी पांढरी गाडी पुढं घुसली. आतला माणूस पांढराशुभ्र शर्ट घातलेला, कानाला फोन. बोट वर करून त्यानं 'फुल' अशी खूण केली. मी म्हणाले, "झीरो बघा." हे आम्ही दिवसभर म्हणत असतो. मीटर शून्यावर आहे, बघून घ्या, नंतर तक्रार नको. त्यानं बघितलं नाही. मी टाकी भरली. नोझल बाहेर काढलं तेव्हा त्याचं फोनवरचं बोलणं संपलं आणि तो म्हणाला, "झीरो दाखवला न्हाई तू."

"दाखवला साहेब. तुमी फोनवर होतात."

तो खाली उतरला. "मला खोटं पाडून राहिली व्हय?"

आणि त्यानं मला मारलं. उघड्या पंजानं, कानाखाली. माझी टोपी उडाली. डाव्या कानात शिट्टी वाजत राहिली, ती दोन दिवस वाजली.

नोझल माझ्या हातात होतं. मी ते त्याच्या छातीकडं धरलं आणि खटका दाबला. फार नाही उडालं, पेलाभर असेल. शर्टावर, गळ्यावर, फोन धरलेल्या हातावर. मुद्दाम दाबला की दाबला गेला, हे मला नंतर पुष्कळांनी विचारलं. मुद्दाम दाबला. त्या उन्हात, तापलेल्या इंजिनांच्या मधोमध, काय होऊ शकतं हे मला पंपावरच्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. आग विझवायचं दर वर्षीचं ट्रेनिंग मी केलेलं आहे. तरी दाबला.

रांगेतल्या एकानं मोबाईल काढला, पण थप्पड होऊन गेल्यावर. त्यामुळं व्हिडिओत काय दिसतं? केस सुटलेली एक बाई एका भल्या माणसावर पेट्रोल उडवते. बास. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या ग्रुपवर फिरला. खाली लिहिलेलं, 'पंपावरची येडी'.

मालकानं मला ऑफिसात बोलावलं. तो माणूस खुर्चीत बसून होता, अंगावर मालकाचा टॉवेल. केस करतो म्हणत होता, जिवंत जाळायला निघाली म्हणून. मालकाला पंपाची काळजी. मी म्हणाले, कॅमेऱ्यात बघा आधी कोणी मारलं. मालक म्हणाला, त्या बाजूचा कॅमेरा बंद हाय. मग मॅनेजरनं कोरा कागद पुढं ठेवला आणि सांगायला लागला, मी लिहायला लागले. माझ्याकडून रागाच्या भरात चूक झाली. मी माफी मागते. पुन्हा असं होणार नाही. इथपर्यंत हात चालला. पुढं मॅनेजर म्हणाला, लिही, "साहेबांनी माझ्यावर हात उचलला नाही."

मी पेन थांबवलं.

"लिही ना बाई," तो म्हणाला. "बाहेर गाड्या खोळंबल्या."

मी लिहिलं. माझ्या अक्षरात. माझा गाल अजून तापलेला होता आणि मी लिहिलं की मला कोणी मारलं नाही. खाली सही केली.

घरी मी थप्पड सांगितली, पेट्रोल सांगितलं, आणि मिटलं म्हणून सांगितलं. कागदाचं सांगितलं नाही. आईनं गाल चाचपून बघितला आणि म्हणाली, "काहून त्वा दाबलं ते? पेटलं असतं तर?" भाऊ ताटावरून उठून गच्चीवर गेला. मला वाटलं, त्याला रडू आलं असेल. तो वरती काय करत होता ते मला चार महिन्यांनी कळलं.

तर ती संध्याकाळ. माझी सकाळची शिफ्ट होती. भाऊ दुकान लवकर बंद करून आला आणि म्हणाला, ताई, आज तू यायचंच. मी कधी त्यांचं वाजवणं ऐकलं नव्हतं. घरात तो गिटार वायर न लावता वाजवायचा, डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज यायचा. मी साडी बदलून पंजाबी ड्रेस घातला आणि त्याच्या मागं बसले. कळमनुरी मागं टाकून आम्ही फाट्यावर आलो तेव्हा दिवस मावळला होता. ढाब्यांचे लाइट लागलेले, ट्रकवाले बाजांवर बसलेले.

जिनिंग रस्त्यापासून थोडी आत. पत्र्याचं उंच शेड. मशीन कधीच विकून टाकलेली, पण वरच्या लोखंडी अँगलला जुना कापूस अजून चिकटलेला. कोपऱ्यात दोन हॅलोजन. माणसं असतील सत्तर-ऐंशी. पोलीस भरतीची तयारी करणारी बारीक केसांची पोरं, तोंडाला स्कार्फ बांधलेल्या दोघीतिघी कॉलेजच्या मुली, मोबाईलच्या दुकानातले, आणि फाट्यावरून नुसता आवाज ऐकून आलेले दोन ड्रायव्हर. खुर्च्या नव्हत्या. मी भिंतीला टेकून उभी राहिले. चाचांनी लांबूनच हात वर केला.

"बेटी, कान में कुछ ठूँस ले," ते ओरडले. मी हसले.

पहिला आवाज आला तेव्हा खरंच छातीत धक्का बसला. ते गाणं म्हणायचं की नाही कोण जाणे. भाऊ गिटारवर असा हात मारत होता जसा कोणी पेटलेल्या चादरीवर मारतो. चाचांच्या हातात लग्नातलाच ठेका होता, फक्त पिसाळलेला. पहिलं गाणं डीजेवर होतं, भिंती हादरतात, म्हातारी मरते, चौकी बहिरी, असं काहीतरी. पोरं उड्या मारायला लागली आणि वरून जुन्या कापसाचे पुंजके, तूस, धूळ असं सगळं खाली यायला लागलं. दुसरं भरतीवर होतं. ज्यांच्यावर होतं तीच पोरं सगळ्यात जास्त ओरडत होती.

तिसरं त्या मुलीचं. तिनं माइक तोंडाला लावला आणि लग्नाचा बायोडाटा वाचायला लागली. वाचायला म्हणजे शिव्या द्याव्यात तसा. रंग गोरा! उंची पाच चार! घरकामाची आवड! स्वभाव मनमिळाऊ! दर ओळीला चाचांचा दणका. "स्वभाव मनमिळाऊ" हे सगळ्यांनी परत म्हणायचं. पहिल्या खेपेला मी गप्प राहिले. दुसऱ्या खेपेला तोंडातल्या तोंडात म्हणाले. तिसऱ्या खेपेला मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या ड्रायव्हरनं वळून बघितलं. घसा खरवडून निघाला. सात वर्षं मी सगळ्यांशी हळू बोलत आले होते. गाडी बंद करा दादा. फोन नका काढू काका. थोडं मागं घ्या साहेब. त्या शेडमध्ये मला पहिल्यांदा कळलं की माझा आवाज एवढा मोठा आहे. मला भावाचा फार अभिमान वाटला. हेही खरं आहे, म्हणून लिहिते.

मग भाऊ माइकजवळ आला. "पुढचं गाणं माझ्या बहिणीसाठी," तो म्हणाला आणि माझ्याकडं बघून हसला.

मुलीनं सुरू केलं.

"झीरो बघा! झीरो बघा!"

पोरांनी परत म्हटलं, "झीरो बघा!"

"गालावरती बोटं बघा!"

"झीरो बघा!"

आजूबाजूच्या दोघांतिघांनी मला ओळखलं होतं, ते माझ्याकडं बघून मुठी वर करत होते. ती मुलगी डोळे मिटून गात होती. मी उभी होते, असं म्हणत होती ती, जणू ती मीच. मी, मी. मी नोझल धरून रडले, मी टोपी शोधत रडले, मी कोणाला काही बोलले नाही. आणि परत, झीरो बघा. ऐंशी माणसं उड्या मारत होती. माझ्या थपडेवर. कोणीतरी मोबाईल वर धरून शूटिंग करत होतं.

मी रडले नव्हते. त्या दिवशी तर नाहीच, नंतरही नाही. आणि मी गप्प बसले नव्हते, मी एका माणसावर पेट्रोल उडवलं होतं. ग्रुपवरच्या व्हिडिओनं थप्पड कापून टाकली होती, माझ्या सख्ख्या भावानं पेट्रोल कापून टाकलं. एकाला येडी पाहिजे होती, दुसऱ्याला बिचारी.

मी गर्दीतून पुढं गेले. लोकांनी वाट दिली, त्यांना वाटलं मी नाचायला चालले. भाऊ पण हसला. स्पीकरचा बोर्ड भिंतीजवळ विटेवर ठेवलेला होता. मी वायर धरली आणि उपटली.

गिटार मेली, माइक मेला. चाचांच्या ड्रमला लाइट लागत नाही, त्यामुळं तो दोनचार ठोके एकटाच वाजत राहिला. मग तोही थांबला.

"ताई?" भाऊ म्हणाला.

"कोणाला विचारून केलं हे?"

"तुझ्यासाठीच केलं ना. चार महिने बसून..."

"मला विचारलं व्हतं?"

"सरप्राइज व्हतं ताई."

"मी रडले हे कोणी सांगितलं तुला? तू व्हतास पंपावर?"

मागून एक पोरगा ओरडला, "लावा ना लाइट, भांडण घरी करा." मी वळून त्याला म्हणाले, "तू जाय घरी. अन् तो मोबाईल ज्यानं धरला त्यानं खाली घ्यावा. एकदा शूटिंग झालंय माझं." मोबाईल खाली गेला.

माइक बंद होता, मला त्याची गरजही नव्हती. मी सांगितलं. मारल्यावर मी खटका दाबला हे सांगितलं. मुद्दाम, हेही. कोणीतरी शिट्टी मारली, शाबास ताई म्हणालं. त्या शाबासकीनं माझं डोकं आणखी फिरलं. मी म्हणाले, शाबास काहून? पेटला असता तो. मी पण पेटले असते, मागचे मोटारसायकलवाले पण, त्यात एकीच्या मांडीवर लेकरू व्हतं. शाबास म्हणू नका. आणि मग मी ते सांगितलं जे घरी सांगितलं नव्हतं.

"मी माफी लिहून दिली. त्यात मी लिहिलं का त्यानं मला मारलंच न्हाई. सही करून दिली. आता करा गाणं."

भावाचा चेहरा असा झाला की जणू मी त्याला मारलं. बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू.

पण मुलगी खाली बघत नव्हती. ती सरळ माझ्याकडं बघत होती आणि तीही चिडलेली होती. "ताई," ती म्हणाली, "रडले ती मी आहे. मला पण मारलेलं आहे, चारचौघांत. तुमच्या भावानं गाणं आणलं तवा त्यात रडणं नव्हतं. ते मी घातलं."

"मग तुझं सांग ना तू. माझा पंप काहून घेतला?"

"माझं सांगितलं तर मला घरात घेणार न्हाईत."

"अन् मला घेतील, व्हय?"

चाचा स्टूलवरून उठले. त्यांनी ड्रमच्या दोन्ही काठ्या माझ्यापुढं धरल्या. "ले बेटी. मार. हलका लगेगा."

चाचांवर माझा राग नव्हता. पण मला हलकं व्हायचं नव्हतं. मी काठ्या घेतल्या नाहीत. चप्पल चाचपली, ओढणी सावरली आणि बाहेर पडले.

फाट्यापर्यंत चालत दहा मिनिटं लागतात. अर्ध्या वाटेत मागून मोटारसायकल आली, पहिल्या गियरमध्ये, माझ्या चालीनं. तो बस म्हणाला नाही, मी बसले नाही. फाट्यावर मी चहा घेतला. त्यानं माझ्यासमोर उभं राहून विचारलं, "कागदाचं मला काहून न्हाई सांगितलं?"

"तू गाणं केलं असतंस."

तो चहा न घेता माझ्या शेजारी उभा राहिला. हिंगोलीकडं जाणारी एक जीप मिळाली तिच्यात मी बसले. कळमनुरीपर्यंत त्याची मोटारसायकल मागं दिसत होती, नंतर मी बघणं सोडून दिलं.

पंधरा दिवस आमचं बोलणं बंद होतं. आई मधल्या मधे वैतागली. एकाला भाकर वाढताना दुसऱ्याला शिव्या घालायची, म्हणजे दोघांनाही समजावं. तिला कागदाचं मीच सांगितलं, कारण आता ऐंशी माणसांना माहीत होतं आणि आईला नव्हतं हे मला बघवेना. ती बराच वेळ परातीतलं पीठ मळत राहिली. मग म्हणाली, "मी असते तर मी पण लिहिलं असतं. पण मग मला झोप न्हाई आली असती." एवढंच. झोप मलाही येत नव्हती, ते तिला बराबर माहीत होतं.

एका दुपारी ती गाणारी मुलगी स्कूटी घेऊन पंपावर आली. पेट्रोल भरून झाल्यावर गाडी बाजूला लावून उभी राहिली. माझी जेवायची सुट्टी झाली तेव्हा आम्ही हवा भरायच्या मशीनमागं सावलीत बसलो. तिनं सांगितलं. तिला तिच्या बापानं मारलं होतं, चुलत बहिणीच्या लग्नात, मंगल कार्यालयाच्या गेटात, केस कापून आली म्हणून. वऱ्हाडातल्या लोकांनी बघितलं आणि आत जेवायला गेले. माफी मागायला ती आली नव्हती. "मी चुकले न्हाई असं न्हाई," ती म्हणाली, "पण मला त्या दिवशी गाता येऊन राहिलं होतं, ताई. दुसऱ्याचं नाव घेऊन येतं." मी तिला माफ केलं वगैरे काही म्हणाले नाही. डब्यातली अर्धी भाकर दिली. तिनं खाल्ली.

त्यानंतरच्या सोमवारी मी मालकाला म्हणाले, मला माझा कागद बघायचाय.

"कोणता?"

"माफीचा."

"तो माझ्याकडं कुठं? साहेबांना दिला ना. मिटलं ते. तुला कोणी काही म्हणून राहिलं का?"

"न्हाई. मला पाहिजे."

मालकानं मला माझ्या मशीनवर जायला सांगितलं.

त्या माणसाचं ऑफिस मला माहीत होतं. बायपासला प्लॉट विकतो, काचेचं दार, बाहेर मोठा बोर्ड. गुरुवारी माझी सुट्टी असते. मी एकटी गेले. रस्त्यात काय काय बोलायचं ते सगळं जुळवलं होतं. तो मोठ्या टेबलामागं बसलेला, समोर गिऱ्हाईक म्हणून एक नवराबायको. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हसून म्हणाला, "या ना ताई, बसा. कोणत्या साइटचं बघायचं?"

त्याला मी आठवत नव्हते.

मी सांगितलं, पंपावरची. तो विचारात पडला, मग टेबलावर हात मारून हसला. "अरे, ती पेट्रोलवाली! बस बस. चहा सांगतो." आणि त्या नवराबायकोला रंगवून सांगायला लागला, या बाईनं माझा शर्ट कसा खराब केला. काहीही राग नव्हता त्याच्या आवाजात. एक किस्सा होता त्याच्यासाठी.

"माझा कागद द्या," मी म्हणाले.

"अगं, तो कवाच फेकला असल. काय करायचं त्याचं?"

चार महिने आणि वर पंधरा दिवस मी ज्या कागदाखाली दबून श्वास घेत होते, तो त्यानं कुठंतरी टाकून दिला होता. मला वाटलं होतं त्यानं जपून ठेवला असेल. लोकांना दाखवत असेल. दाखवत असता तर बरं झालं असतं असं मला त्या क्षणी वाटलं.

"तुमी मला मारलं व्हतं," मी म्हणाले.

"असल मारलं," तो सहज म्हणाला. "रागात व्हतं माणसाकडून. झालं गेलं आता."

त्या नवराबायकोसमोर म्हणाला. एवढं सोपं होतं ते. माझ्याकडून जे लिहून घेतलं ते तो चहाची ऑर्डर द्यावी तसं कबूल करून मोकळा झाला.

"लिहून द्या," मी म्हणाले.

"काय?"

"मारलं ते. अन् मी पण लिहून देते, पेट्रोल मुद्दाम उडवलं म्हणून. दोन्ही एका कागदावर, दोघांची सही."

तो पुन्हा हसला, पण या वेळी थोडं उशिरा हसला. बाईनं नवऱ्याकडं बघितलं. नवरा म्हणाला, आम्ही नंतर येतो. ते गेले. मग त्याच्या आवाजातला तो ताईपणा गेला. उठ म्हणाला. मी म्हणाले, लिहून द्या, उठते. त्यानं फोन काढला, कोणाला तरी लावला, परत ठेवला. काय सांगणार होता तो? एक बाई खुर्चीत बसलीये म्हणून? तासाभरानं तो स्वतःच बाहेर निघून गेला.

पुढच्या गुरुवारी मी परत गेले. साहेब न्हाईत, असं सांगितलं. बसते, मी म्हणाले. बाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत बसले. येणारे-जाणारे विचारायचे, तुमचं काय काम हाय? मी सांगायचे. पूर्ण सांगायचे, पेट्रोलसकट, माफीसकट. काही जण आत न जाता परत फिरायचे. काही जण मला येडी म्हणून आत जायचे.

त्याच आठवड्यात मालकानं मला बोलावून धमकी दिली, काम जाईल म्हणाला. मी म्हणाले, मग तसं लिहून द्या. तोही देईना. मी अजून कामावर आहे.

तिसऱ्या गुरुवारी मी बाकावर बसले होते आणि भाऊ आला. गिटार नव्हती. दुकान बंद करून आला होता. न विचारता बसू नये एवढं तो शिकला होता, म्हणून उभा राहून विचारलं, "बसू का?" मी सरकले.

"ते गाणं बंद केलंय," तो म्हणाला. "चाचांनी पण सांगितलं, का नको."

"बरं."

"तुला पाहिजे तसं करता येईल. तू सांगशील तसं."

"मला गाणं नकोय रे. मला कागद पाहिजे."

उन्हं बाकावर आली तेव्हा आम्ही बाक उचलून भिंतीकडं नेला. ऑफिसातला पोऱ्या आतून बघत राहिला.

असे पाच गुरुवार झाले. चौथ्याला ती मुलगी पण आली होती, केस आणखी बारीक कापून. त्या माणसानं अजून लिहून दिलेलं नाही. देईल असं मला वाटतही नाही. लोक मला म्हणतात, एवढा राग बरा न्हाई बाई, तब्येत खराब व्हईल. माझी तब्येत उत्तम आहे. जेवण जातं, झोप लागते. परवा सुट्टी आहे, सकाळी दहाला ते दार उघडतं, मी साडेनऊला निघते.